शंखातली वहिवाट

ज्याचे घर दुसऱ्याने बांधले आणि बांधणाऱ्याने देह ठेवल्याखेरीज ज्याला त्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही, अशा जीवाचा कब्जा कोणत्या सदराखाली नोंदवावा, हा प्रश्न माझ्या नोकरीच्या काळात माझ्यापुढे कधी आला नाही. आला असता, तर वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवून मी तो दप्तरात बांधून ठेवला असता आणि माझ्यामागून येणाऱ्याने त्यावरची धूळ झटकून पुन्हा तेच केले असते. भूमि अभिलेख खात्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. टिपणे, फाळणी नकाशे, आकारफोड, पोटहिस्से, कायम खुणा आणि त्या खुणा रातोरात नाहीशा करणारे सज्जन यांच्या सहवासात माणसाच्या स्वभावाविषयी जे कळायचे ते कळले, आणि निवृत्तीनंतर हद्दीचा वाद पुन्हा डोळ्यांपुढे येऊ नये अशी मनोमन इच्छा धरून मी नाशिकच्या घरी स्वस्थ बसलो. परंतु पुतण्याच्या हौसेपायी दिवाणखान्यात काचेची एक टाकी आली, टाकीत वाळू आली, वाळूवर रिकामे शंख आले, आणि त्या शंखांमागोमाग असे काही मासे आले की ज्यांच्या जागेपणाचा निम्म्याहून अधिक भाग स्वतःची हद्द कायम करण्यात आणि उरलेला शेजाऱ्याची हद्द कोरण्यात जातो.

या माशाचे शास्त्रीय नाव निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. नावाचा पसारा एवढा असला तरी नराची लांबी साडेचार-पाच सेंटिमीटरांपलीकडे जात नाही आणि मादी तर त्याहूनही लहान. सिक्लिड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विशाल मत्स्यकुळातल्या सर्वांत लहान जातींत त्याची गणना होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या सेवेत असलेल्या जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९०६ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मासे पाळणाऱ्या मंडळींत मात्र त्याला नुसते ‘मल्टी’ म्हणतात, आणि एवढ्याशा जीवाला तेवढेच नाव शोभून दिसते. फिकट राखी अंगावर तपकिरी रंगाच्या बारीक उभ्या रेघा आणि डोळ्यांत किंचित निळसर झाक, यापलीकडे रूपाचे ऐश्वर्य त्याच्यापाशी नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे टाकीसमोर उभे राहून, कौतुकाचे शब्द ओठांवर तयार ठेवून, थोडा वेळ वाट पाहतात आणि अखेरीस संकोचाने विचारतात, “मासे अजून आणायचे आहेत वाटतं?” कारण परका मनुष्य जवळ येताच सगळी वस्ती क्षणार्धात शंखांत अंतर्धान पावलेली असते. चहा होईपर्यंत धीर धरणाऱ्याला एकेका शंखाच्या तोंडाशी एकेक डोळा उगवलेला दिसतो. बहुतेकांना तेवढा धीर नसतो.

सिक्लिड कुळ आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांतून मिळणारी काळुंदर याच कुळातली. आणि १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली व पुढे उजनीसारख्या जलाशयांतून मूळच्या माशांना हुसकावून बसलेली चिलापी, तीही याच घराण्याची. पण या कुळाच्या कर्तृत्वाची खरी राजधानी पूर्व आफ्रिकेत आहे. तिथे भूमी दुभंगत चालली आहे, आणि त्या प्रचंड खचदरीत सुमारे सहाशे सत्तर किलोमीटर लांबीचे टांगानिका सरोवर नव्वद लाख ते एक कोटी वीस लाख वर्षांपासून साचून राहिले आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार राष्ट्रांच्या हद्दी त्याच्या पाण्यात येऊन मिळतात. त्याची कमाल खोली सुमारे १,४७० मीटर. सैबेरियातील बैकल वगळले तर पृथ्वीवर इतके खोल सरोवर दुसरे नाही. या खोलीपैकी वरचे शे-दोनशे मीटरच काय ते सजीवांच्या वहिवाटीचे. त्याखालच्या काळोख्या पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून तिथे सूक्ष्मजंतूंखेरीज कोणाची वस्तीही नाही. काठालगतच्या त्या उजेडाच्या पट्ट्यात मात्र सिक्लिडांच्या सुमारे अडीचशे जाती नांदतात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या या एका सरोवराबाहेर जगात कुठेही आढळत नाहीत. कोणी खडकांवरचे शेवाळ खरवडून जगतो, कोणी दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले तोडून खातो, कोणी आपली अंडी तोंडात घेऊन फिरतो. आणि डझनभराहून अधिक जातींनी मेलेल्या गोगलगायीच्या शंखांचा आश्रय घेतला आहे.

ती गोगलगाय म्हणजे निओथॉमा. तीही टांगानिकाचीच, अन्यत्र न सापडणारी. ती जिवंत पिलांना जन्म देते, आपल्या आयुष्यात पाठीवर चार-सहा सेंटिमीटरांचा बळकट, गोलसर शंख घडवते आणि मरताना तो तळावर सोडून जाते. आता असे शंख कोकणातल्या एखाद्या ओढ्यात पडले असते, तर तिथल्या मृदू पाण्याने त्यांचा चुना हळूहळू विरघळवून टाकला असता. टांगानिकाची गोष्ट निराळी. लुकुगा नदीवाटे या सरोवराचे पाणी काँगो नदीकडे वाहून जाते खरे, परंतु त्याहून कितीतरी अधिक पाणी उन्हाने वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. परिणामी पाणी जड आणि क्षारधर्मी झाले आहे, पीएच मोजला तर नऊच्या आसपास भरतो, आणि चुन्याने तृप्त झालेल्या अशा पाण्यात शंख विरघळत नाही. पिढ्यामागून पिढ्या गोगलगायी मरत गेल्या आणि त्यांची घरे साचत गेली. सरोवराच्या तळावर कित्येक ठिकाणी या रिकाम्या शंखांचे विस्तीर्ण थर पसरले आहेत, आणि किरणोत्सारी कर्बाच्या कसोटीवर त्यांतले काही शंख हजार वर्षांहूनही जुने ठरले आहेत. इतक्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाजवळ खरेदीखत असण्याचा संभव नाही. नुसत्या वहिवाटीवरच सगळा कारभार चालतो.

या शंखांनी एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही चकवा दिला होता. टांगानिकातल्या पुष्कळ गोगलगायींचे शंख जाड, नक्षीदार आणि समुद्री शंखांसारखे दिसतात. जे. ई. एस. मूर नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोनदा तिथवर प्रवास करून, आणि १९०३ साली एक भलाथोरला ग्रंथ लिहून, असा सिद्धांत मांडला की हे सरोवर म्हणजे प्राचीन ज्युरासिक समुद्राचा तुटून राहिलेला तुकडा असावे. पुढे हा दावा खारीज झाला. सरोवर त्या समुद्राच्या मानाने अगदी अलीकडचे आहे, आणि गोड्या पाण्यातल्याच गोगलगायींनी तिथल्या खेकड्यांच्या नांग्यांपासून बचाव करता करता असे चिलखती शंख घडवले, हे आज मानले जाते. मला मात्र मूरविषयी सहानुभूती वाटते. वरकरणी दिसणाऱ्या खुणांवरून मूळ मालक कोण हे ठरवण्याचे काम मीही केलेले आहे.

युरोपातून आलेल्या प्रवाशांपैकी रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे दोघे फेब्रुवारी १८५८ मध्ये सर्वांत आधी या सरोवरापाशी पोचले. बर्टन हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी, आणि त्या नोकरीत असताना त्याने मराठीची परीक्षाही दिली होती. त्याच्या तल्लख कानांवर आपली भाषा पडली होती ही गोष्ट मला उगीचच सुखावते. सरोवर गाठले तेव्हा बर्टनला ज्वराने चालवत नव्हते, आणि स्पीकचे डोळे इतके आले होते की ज्यासाठी शेकडो कोस तुडवले ते पाणी त्याला धड दिसलेही नाही. तरीही त्याने काठावरचे काही शंख गोळा केले. ते लंडनला गेले आणि १८५९ साली वुडवर्ड नावाच्या तज्ज्ञाने त्यांचे वर्णन छापले. या प्रवाशांच्या तांड्यात सिदी मुबारक नावाचा एक विलक्षण मनुष्य होता. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला, हिंदुस्थानात विकला गेलेला, आणि मुक्त होऊन आफ्रिकेत परतल्यावर ‘बाँबे’ याच नावाने प्रसिद्ध झालेला. आणि त्यानंतर काही वर्षांनी लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी १८६६ मध्ये आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्यासोबत आमच्या नाशिकच्या शरणपुरातले नऊ तरुण होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथल्या मिशनमध्ये शिकवीत आणि हातची कसबे देत. त्यांपैकी काहीच शेवटपर्यंत टिकले. शरणपूर रस्त्यावरून मी भाजी आणायला जातो तेव्हा, या धुळीतून निघालेली पावले टांगानिकाच्या मुलखापर्यंत गेली होती, हा विचार पिशवीच्या ओझ्याइतकाच माझ्यासोबत घरी येतो. त्या मुलांना घर म्हणून कोणती जागा आठवत असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही. प्रवासवर्णनांत ओझ्यांची मोजदाद मात्र तपशीलवार आहे.

आता आमच्या टाकीकडे वळतो. टांगानिकाचे पाणी नाशकात निर्माण करावयाचे म्हटल्यावर पुतण्याने औषधी क्षारांची आणि खाण्याच्या सोड्याची यादी काढली होती. पण आमच्या आवारातल्या बोअरचे पाणी इतके जड आहे की त्याने गिझरच्या आतल्या नळीवर चुन्याचे पांढरे कवच चढवून ठेवले आहे, आणि ज्या पाण्याविषयी बिऱ्हाडातला प्रत्येक जण वर्षानुवर्षे तक्रार करीत आला तेच या परदेशी पाहुण्यांना मानवले. त्यात थोडा सोडा आणि तळाशी प्रवाळाचा चुरा घातला की भागते. वाळू बारीक हवी, कारण या माशाचे सारे स्थापत्य तोंडाने चालते. प्रश्न उरला शंखांचा. निओथॉमाचे शंख इथे मिळणे दुरापास्त, आणि समुद्रकिनारी वेचलेले शंख बहुधा अरुंद तोंडाचे. अखेर लातूरकडे शेती असलेले माझे मेहुणे मदतीला आले. अलीकडच्या वर्षांत लातूर, धाराशिव, बीड या भागांत पावसाळ्याच्या आरंभी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त करणाऱ्या गोगलगायींनी शेतकऱ्यांना जेरीस आणले आहे, आणि ती गोगलगायही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखप्रेमी गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली, तिथून तिची प्रजा देशभर पसरली. तिचे अर्धवट वाढीचे शंख मल्टीच्या मापाला बरोबर बसतात. मेहुण्यांनी बांधावर मरून पडलेल्या गोगलगायींचे शंख पोत्यात भरून पाठवले. या गोगलगायींच्या अंगी माणसाला बाधणारे जंत असतात, म्हणून हातमोजे घालून ते धुवावे लागले आणि चांगले उकळावे लागले. त्यासाठी कोणते पातेले वापरावे यावरून घरात जो वाद झाला त्याचा निवाडा अद्याप लागलेला नाही. अशा रीतीने आफ्रिकेच्या माशाला आफ्रिकेच्याच गोगलगायीचे घर मिळाले. दोघांची गाठ पडण्यासाठी मराठवाड्यातले सोयाबीन तेवढे खर्ची पडले.

शंख टाकीत मांडले तेव्हा मी माझ्या जुन्या सवयीने त्यांची अंतरे समान ठेवली होती. माशांनी ती मांडणी एका रात्रीत रद्दबातल केली. मल्टी हा मासा शंखाखालची वाळू तोंडात भरून उचलतो, थोडे अंतर पोहून जातो आणि फुर्रकन ती बाहेर टाकतो; पुन्हा येतो, पुन्हा भरतो, पुन्हा टाकतो. या एकाच कृतीच्या अखंड पुनरावृत्तीतून सपाट वाळूत खड्डे पडतात, खड्ड्यांच्या कडेला वरंबे उठतात, शंख हळूहळू खाली बसतो, त्याचे तोंड सोयीच्या बाजूला येते, आणि एक दिवस टाकीच्या तळाची काच उघडी पडलेली दिसते. निसर्गातही शंखांच्या थरांतून ते असेच वाळू उपसून आपापली वस्ती मोकळी करतात आणि राखतात. यात माझ्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की उपसलेली वाळू कुठेही टाकली जात नाही. ती शेजाऱ्याच्या बाजूला टाकली जाते. शेजारी ती परत आणून टाकतो. दोघांच्या मध्ये वाळूचा जो उंचवटा तयार होतो तो आज इकडे सरकतो, उद्या तिकडे. आमच्याकडे नांगराच्या प्रत्येक फेरीला वीतभर बांध कोरून वर्षाकाठी एखादा गुंठा पदरात पाडून घेणारे खातेदार मी पाहिले आहेत. ते निदान पावसाळ्याची आणि शेजारी परगावी जाण्याची वाट पाहत. इथे शेजारी समोर उभा असतो, डोळे वटारून पाहत असतो, आणि तरीही काम चालू राहते.

या हद्दींचे स्वरूप एकसारखे नाही. प्रत्येक मादीच्या ताब्यात एक किंवा काही जवळजवळचे शंख असतात आणि त्यांच्याभोवतीचा टीचभर मुलूख ती दुसऱ्या माद्यांपासून राखते; अशा अनेक माद्यांच्या मुलखांना कवेत घेणारा मोठा मुलूख एका नराचा असतो. म्हणजे सर्व्हे नंबर नराचा आणि त्यातले पोटहिस्से माद्यांचे, असे काहीसे. पोटहिश्शाच्या बाबतीत नराचे काही चालत नाही; शंखाच्या तोंडाशी तो आगंतुकासारखा उभा राहिला तर त्याला हुसकून लावण्याइतका करारीपणा त्याच्या निम्म्या वजनाच्या मादीतही असतो. बाहेरच्या संकटाबाबत मात्र सगळ्यांचे एकमत. काच पुसण्यासाठी मी टाकीत हात घातला की एरवी उंबऱ्याबाहेर न पडणारा हा जीव वाळूपासून वर उसळतो आणि माझ्या बोटावर हल्ला करतो. दात एवढे लहान की चिमटाही धड बसत नाही. पण ज्याच्यासमोर मनुष्याचा हात एखाद्या टेकडीएवढा असेल, त्याने मागे न सरणे हा प्रकार पाहून मी हात काढून घेतो. काच त्या बाजूची जरा मळकीच असते.

या वस्तीत नवीन मादी आली म्हणजे काय घडते, हे पाहण्यासारखे असते. मराठेशाहीतल्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता: ज्याची जमीन वंशपरंपरेची, ज्याला कोणी उठवू शकत नाही, तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन पाटलाच्या मर्जीने जमीन कसणारा तो उपरी. नव्या मल्टी मादीला वस्तीतल्या जुन्या माद्या उपरीचाही दर्जा द्यायला तयार नसतात. ती एखाद्या रिकाम्या शंखाजवळ घुटमळली की दोघी-तिघी तिच्यावर धावून जातात, पंख झडतात, ती कोपऱ्यात काचेला चिकटून राहते. अशा वेळी वस्तीचा नर मध्ये पडतो. हे माझ्या भावनेने लावलेले शेपूट नव्हे. श्राडिन आणि लांप्रेश्ट या दोन संशोधकांनी याच जातीवर केलेले काम २००० साली प्रसिद्ध झाले आहे आणि त्यात त्यांनी दाखवले आहे की या समूहांत बाहेरून येऊन सामील होणाऱ्यांत माद्या अधिक असतात आणि माद्यांच्या भांडणात नर हस्तक्षेप करून शांतता राखतो. त्यात त्याचा स्वार्थ आहे हे उघड आहे, कारण एक मादी वाढली की त्याचा वंशविस्तारही वाढतो. पण मी पाहिलेल्या मामलेदारांपैकी ज्यांचे निवाडे लोकांनी निमूट मानले, तेही सर्वस्वी निःस्वार्थी होते असे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ते वेळेवर जागेवर येत, एवढे मात्र खरे. आमच्या टाकीतला नर तर रागाचा एक कटाक्षही वाया न घालवता दोघींच्या मधोमध येऊन उभा राहतो. त्याचा देह आडवा झाला की भांडण थबकते. काही दिवस असे चालते, आणि मग एका सकाळी नवी मादी शंखाखालची वाळू उपसू लागलेली दिसते. एकदा वाळू उपसायला लागली की तिला कोणी विशेष त्रास देत नाही. फेरफार मंजूर झाला असे मी समजतो.

अंडी शंखाच्या आत, वळणाआडच्या भिंतीवर चिकटवली जातात. नर तोंडाशी राहूनच आपला वाटा उचलतो, आणि पुढची सारी राखण मादीची. ती आत राहून शेपटी हलवीत अंड्यांवरून पाणी खेळते ठेवते. हा सगळा व्यवहार बाहेरून दिसत नाही. मादी नेहमीपेक्षा अधिक वेळ आत राहू लागली आणि बाहेर आल्यावर नेहमीपेक्षा अधिक चिडखोर झाली, एवढ्यावरून अंदाज बांधावा लागतो. मग केव्हातरी शंखाच्या कडेवर पापणीच्या केसाएवढे काहीतरी हलताना दिसते. पिले संख्येने थोडी, पण आईबापांना त्यांची भूक लागत नाही, आणि ही गोष्ट माशांच्या जगात सामान्य नाही. ती आईच्या हद्दीतच वाढतात; आर्टेमिया या इवल्याशा जलचराची नुकती फुटलेली पिले खाद्य म्हणून पाण्यात सोडली की शंखाच्या कडेपासून बोटभर वर येतात, एकेक टिपतात आणि परत फिरतात. जसजशी वाढतात तसतशी ही मर्यादा वाढत जाते. त्यांच्या पाठोपाठ दुसरी पिले येतात, मग तिसरी, आणि लहान, मध्यम, मोठी अशी सगळी प्रजा एकाच वाळूवर नांदू लागते. वाळूचे पहिले घास उचलायला ही पोरे कोणाकडे पाहून शिकतात की उपजतच जाणतात, हे मला ठरवता आलेले नाही. पण स्वतःच्या देहाहून मोठा वाटणारा वाळूचा कण तोंडात धरून मागे मागे सरकणारे पिलू पाहिले की हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवावेच लागते.

शंखांत राहणाऱ्या सगळ्याच जाती इतक्या गृहस्थाश्रमी नाहीत. लॅम्प्रोलॉगस ऑसेलॅटस हा आणखी एक मासा, १९०९ साली स्टाइनडाख्नरने वर्णिलेला. तो शंख वाळूत इतका पद्धतशीर पुरतो की वर केवळ तोंडाचे छिद्र उरते. आणि लॅम्प्रोलॉगस कॅलिप्टेरसचा नर तर उघडउघड पुंड आहे. तो रिकामे शंख तोंडात धरून वाहून आणतो आणि त्यांचा ढीग रचतो. ढिगात माद्या येऊन राहतात आणि अंडी घालतात. शंख उचलता यावा म्हणून नराला मोठे असणे भाग, आणि शंखात मावता यावे म्हणून मादीला लहान असणे भाग. या दोन सक्तींच्या कात्रीत सापडून नराचे सरासरी वजन मादीच्या बारापटींहून अधिक झाले आहे, आणि नर मादीहून मोठा असण्याचे इतके टोकाचे उदाहरण प्राणिसृष्टीत दुसरे ज्ञात नाही. शेजारच्या नराचा ढीग लुटताना तो शंख आतल्या मादीसकट पळवतो, आणि नव्या ठिकाणी तिची अंडी-पिले वाचतीलच असा भरवसा नाही. पण त्याच्याही घरात चोर आहे. या जातीत काही नर जन्मतःच खुजे निपजतात, आणि हा खुजेपणा बापाकडून मुलाकडे जातो. मादी अंडी घालत असता असा खुजा नर तिच्या अंगाशेजारून सरपटत शंखाच्या अगदी आतल्या टोकाशी जाऊन बसतो; दाराशी पहारा करणाऱ्या धिप्पाड मालकाला तिथवर पोचणे अशक्य. बर्न विद्यापीठाच्या मायकेल टाबोर्स्की यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. त्यांचे निबंध वाचताना मला आमच्या खात्यातल्या काही फायली आठवल्या. त्यांचे तपशील सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

खुद्द सरोवरात या वस्त्यांवर येणारे संकट निराळ्या जातीचे आहे. काठावरच्या डोंगरउतारांवरची झाडे तुटली की पावसाबरोबर माती उतरते आणि शंखांच्या थरांवर बसते. एका माशाने तोंडाने उपसावी एवढी ती नसते. शिवाय वरचे पाणी तापत चालल्यामुळे खालचे सत्त्वयुक्त पाणी वर मिसळणे मंदावले आहे आणि त्यासोबत सरोवराची उत्पादकताही घटली आहे, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी दाखवले. मासेमारीवर पोट असलेल्या लक्षावधी माणसांचा प्रश्न त्यात गुंतला आहे.

आमच्याकडचा प्रश्न त्या मानाने क्षुल्लक, पण दैनंदिन. प्रजा वाढली आणि टाकीतली एकही वीत जमीन पड राहिली नाही, तेव्हा काही कुटुंबे बाहेर देणे प्राप्त झाले. रविवारी मासे विकणाऱ्या एका दुकानदाराशी बोलणे केले. तो म्हणाला, “काका, मासे घेतो मी, शंख तुमचे तुम्ही ठेवा.” हे बोलणे सोपे होते. जाळी दिसताच मासा शंखात शिरतो, आणि शंख पाण्याबाहेर काढून हलवला, उलटा धरला, तरी आतून बाहेर येत नाही. जितके हलवावे तितका तो खोल वळणात जाऊन बसतो. अखेर डब्यात पाणी घालून त्यात शंखांसकट कुटुंबे ठेवली आणि दुकानी नेली. दुकानदाराने डब्यात डोकावून पाहिले, मासे दिसेनात म्हणून माझ्याकडे पाहिले, आणि मोजल्याशिवाय पैसे कसे द्यायचे असा रास्त हरकतीचा मुद्दा काढला. मी शंख मोजा म्हटले. प्रत्येक शंखात एक असेलच याची हमी द्या, असे तो म्हणाला. हमी मी आयुष्यात कोणाला दिलेली नाही, तिथेही दिली नाही. थोडी घासाघीस होऊन अदमासाने सौदा ठरला.

त्यामुळे घरी मासे उरले आणि शंख कमी पडले. मेहुण्यांना फोन केला, तर ते म्हणाले की पाऊस पडल्याशिवाय गोगलगायी जमिनीबाहेर येत नाहीत, मृगानंतर बघू. आणि हे संभाषण स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी, या वेळी शंख उकळायला वेगळे पातेले विकत आणल्याखेरीज पोते घरात येता कामा नये, असा आगाऊ हुकूम बजावून ठेवला आहे.